लहान कंपनी, पण माप तेच

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रणांवर लिहिताना बड्या कंपन्यांना एक माप आणि स्वतंत्र कंपन्यांना दुसरं, असं सर्रास होतं. त्यामागचे गैरसमज लंडनच्या हायपेरिअनकडे पाहिलं की लक्षात येतात. टेड पेरी यांनी १९८० साली काढलेली ही कंपनी २०२३ मध्ये युनिव्हर्सलने विकत घेईपर्यंत स्वतंत्र होती.

गैरसमज : लहान कंपनी म्हणजे दुय्यम दर्जा आणि मोजके श्रोते.

वस्तुस्थिती : कंपनी तगवण्यासाठी पेरी सुरुवातीला मिनीकॅब चालवत. १९८२ मध्ये त्यांनी हिल्डेगार्ड फॉन बिंगेन या १२व्या शतकातील मठाध्यक्षेच्या स्तोत्रांची तबकडी काढली. क्रिस्टोफर पेज यांचा गॉथिक व्हॉइसेस हा गायकवृंद आणि एमा कर्कबी यांचा नितळ आवाज! ती जगभर खपली आणि कंपनीचा पाया पक्का झाला.

गैरसमज : तबकडीवर जे ऐकू येतं, ते सगळं रचनाकाराचंच.

वस्तुस्थिती : हिल्डेगार्डच्या हस्तलिखितांत फक्त शब्द आणि एकेरी सुरावट आहे. या तबकडीतल्या काही स्तोत्रांखाली तंबोऱ्यासारखा अखंड आधारस्वर वाजतो, तो कलाकारांनी घातलेला. तो सुंदर आहे की नाही, हे समीक्षकाने जरूर सांगावं. पण तो कुणाचा, हे आधी सांगावं.

गैरसमज : तीनशे वर्षांपूर्वीच्या संगीतावर आता कुणाचाच हक्क नाही.

वस्तुस्थिती : लालांद हे फ्रेंच रचनाकार १७२६ मध्ये वारले. त्यांच्या रचनांच्या संहिता अभ्यासक लायनेल सॉकिन्स यांनी वादनासाठी सिद्ध केल्या होत्या. त्या वापरून हायपेरिअनने केलेल्या ध्वनिमुद्रणावरून खटला झाला आणि २००५ मध्ये अपिलातही हायपेरिअन हरली. संपादकाचं कॉपीराइट न्यायालयाने मान्य केलं. परीक्षणात गायक-वादकांबरोबर संहितेच्या संपादकाचंही नाव यायला हवं, ते यासाठीच.

गैरसमज : लहान कंपनीला समीक्षकाने सांभाळून घ्यावं.

वस्तुस्थिती : सांभाळून घेण्याने कुणाचंच भलं होत नाही. १९९१ मध्ये हायपेरिअनने विस्मृतीत गेलेल्या पियानो कॉन्चेर्टोंची मालिका सुरू केली. पहिल्याच तबकडीत मोश्कोव्स्की आणि पादेरेव्स्की या रचनाकारांचे कॉन्चेर्टो होते, पियानोवर पिअर्स लेन. बेथोव्हनच्या कॉन्चेर्टोची डझनावारी ध्वनिमुद्रणं वाचक स्वतः ताडून पाहू शकतो. मोश्कोव्स्कीच्या बाबतीत ती सोय फारशी नाही. एखादा भाग रेंगाळत असेल, तर दोष रचनेचा, वादकाच्या लयीचा, की पियानोला मागे ढकलणाऱ्या मायक्रोफोनच्या मांडणीचा? हे स्वरलिपी समोर ठेवून, पुन्हा पुन्हा ऐकूनच कळतं. म्हणून रचना, सादरीकरण आणि ध्वनिमुद्रण यांवर वेगवेगळं लिहावं. नाहीतर वादनातल्या उणिवेचं खापर रचनेवर फुटतं, आणि आधीच विसरली गेलेली रचना पुन्हा बासनात जाते.