‘पेंडिंग’च्या रकान्यात अडकलेले पैसे

कमिशन थकल्याची तक्रार घेऊन कोणी आलं की मी आधी ऑर्डरनिहाय शीट मागतो. मी नाशिकला हिशेबाची कामं करतो. अलीकडे माझ्याकडे यूट्यूब चॅनेल, वेबसाइट किंवा टेलिग्राम ग्रुप चालवणारी मंडळी येऊ लागली आहेत. मिक्सर, सायकल, डीमॅट खातं अशा कशाचीही माहिती ती मराठीत देतात आणि खाली लिंक लावतात. त्या लिंकवरून खरेदी झाली की त्यांना कमिशन मिळतं. निदान मिळायला हवं.

लिंकवर क्लिक झालं की त्याची नोंद होते आणि ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये कुकी बसते. ऑर्डर पडली की रिपोर्टमध्ये ‘पेंडिंग’ दिसतं. माल परत करायची मुदत उलटल्यावर विक्रेता कंपनी ऑर्डर तपासते आणि मंजूर किंवा रद्द असा शेरा मारते. यात दोन महिने जाणं समजण्यासारखं आहे. ॲमेझॉनही महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी पैसे देते. खरा वाद त्यापुढे सुरू होतो. विक्रेता आणि लिंक लावणारा यांच्यामध्ये नेटवर्क असतं, आणि त्याच्या करारात बहुधा एक कलम असतंच: जाहिरातदाराकडून, म्हणजे विक्रेता कंपनीकडून, रक्कम आली की तुम्हाला दिली जाईल. ज्या कंपनीशी आपला करारच नाही, तिने पैसे थकवले की उपाशी आपण.

स्वयंपाकघरातल्या उपकरणांवर व्हिडिओ करणाऱ्या एका ताईंचे पैसे असेच अडकले होते. “दादा, मेसेज करून करून थकले. दरवेळी एकच उत्तर, मॅम, नेक्स्ट सायकलला होईल.” मी म्हटलं, “ताई, मेसेज पुरे झाले. आता शीट उघडा.”

क्लिकची वेळ, ऑर्डर क्रमांक, रक्कम, स्थिती, कारण असे पाच रकाने होते. आम्ही ओळींचे तीन गट केले: मंजूर पण न मिळालेल्या, मुदत उलटूनही पेंडिंग आणि रद्द. रद्दपैकी बऱ्याच ओळींपुढे कारण म्हणून नुसतं ‘अदर’ लिहिलेलं होतं. त्यातली एक ऑर्डर वेट ग्राइंडरची. तो घेणाऱ्या काकूंनी व्हिडिओखाली कमेंट केली होती, इडलीचं पीठ छान वाटलं जातंय म्हणून. ताईंनी विचारल्यावर त्यांनी बिलाचा फोटो पाठवला. क्रमांक तोच निघाला. ग्राइंडर काकूंच्या ओट्यावर चालू होता आणि शीटमध्ये ऑर्डर रद्द होती. त्या एका ओळीवर आम्ही ईमेल केला, तेव्हा कुठे रद्द ऑर्डरी पुन्हा तपासणीला गेल्या.

मग आम्ही ताईंचा २६ एएस, म्हणजे पॅनवर भरलेल्या टीडीएसची नोंद दाखवणारा फॉर्म, काढला. कमिशनवरचा टीडीएस रक्कम खात्यावर जमा दाखवताना किंवा प्रत्यक्ष देताना, जे आधी होईल तेव्हा कापायचा असतो. ऑक्टोबर २०२४ पासून त्याचा दर २ टक्के आहे. ताईंना रुपया मिळाला नव्हता, पण त्यांच्या पॅनवर टीडीएस भरलेला होता. म्हणजे नेटवर्कच्या वह्यांत ते कमिशन चढलं होतं. एवढ्या नोंदीवर दावा जिंकता येतोच असं नाही, पण ‘तुमची रक्कम अजून ठरलेली नाही’ असं म्हणायला मग जागा उरत नाही.

जीएसटी नोंदणी असलेल्यांचं दुखणं आणखी वेगळं. समजा ५०,००० रुपयांच्या कमिशनचं बिल दिलं, तर त्यावरचा १८ टक्के कर, म्हणजे ९,००० रुपये, पुढच्या रिटर्नमध्ये भरावा लागतो. कमिशन आलं नाही तरी कर खिशातून जातो.

२००६ चा एमएसएमई कायदा अशा वेळी उपयोगी पडतो. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, करारात काहीही लिहिलेलं असलं तरी, ४५ दिवसांपलीकडे थकवता येत नाहीत. थकवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागतं. शिवाय कंपनी गुरुग्रामची असली तरी तक्रार आपल्या भागातल्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे करता येते. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, पहिली लिंक लावण्याआधी उद्यम नोंदणी करून घ्या.

या कायद्याचा हवाला देऊन रीतसर पत्र गेल्यावर ताईंची मंजूर रक्कम दोन हप्त्यांत आली. रद्द ओळींचा पत्रव्यवहार अजून चालू आहे.

तो लांबतो याचं कारण या धंद्याच्या रचनेतच आहे. ऑर्डर खरी की खोटी हे ठरवणारी कंपनी तीच, जिच्या खिशातून पैसे जायचे आहेत. ४५ दिवस मोजायचे ते काम स्वीकारल्यापासून, आणि नेटवर्क म्हणतं की मंजुरी मिळेपर्यंत आम्ही काही स्वीकारलेलंच नाही. १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर काम स्वीकारलं असं कायदा धरतो, पण ते पटवून द्यायला पुन्हा भांडावं लागतं. म्हणून तपासणी किती दिवसांत संपेल आणि ऑर्डर रद्द केल्यास कारण काय दिलं जाईल, या दोन गोष्टी करारात लिहून घ्यायलाच हव्यात. जे नेटवर्क हे लिहून द्यायला नकार देतं, त्याची लिंक लावू नये. ग्राहक आणून दिला की काम झालेलं असतं, आणि केलेल्या कामाचे पैसे मागताना कोणाला अजीजी करावी लागता कामा नये.