कवटी न उघडता: सीटी स्कॅनमागचे गणित

अर्धे अंग लुळे पडलेल्या, बोलताना अडखळणाऱ्या रुग्णाला घेऊन नातेवाईक धावतपळत रुग्णालयात पोहोचतात, आणि डॉक्टर औषध सुरू करण्याआधी डोक्याचा सीटी स्कॅन करायला सांगतात. घरच्यांना ही दिरंगाई वाटते. पण पक्षाघात दोन अगदी विरुद्ध कारणांनी होतो. एक तर मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते, नाही तर ती फुटून रक्तस्राव होतो. गुठळी असेल तर ती विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. रक्तस्राव असताना तेच औषध दिले तर ते जिवावर बेतू शकते. रुग्णाला वरवर तपासून हा फरक खात्रीने सांगता येत नाही. स्कॅनमध्ये तो काही मिनिटांत कळतो.

मात्र स्कॅनमध्ये दिसणारे मेंदूचे चित्र कोणत्याही कॅमेऱ्याने टिपलेले नसते. ते आकडेमोड करून काढलेले असते.

साधा एक्स-रे म्हणजे सावली. किरणांच्या वाटेत हाड, स्नायू, मेंदू जे जे येते त्या सगळ्यांची सावली एकाच फिल्मवर एकावर एक पडते. डोक्याच्या बाबतीत कवटीचे हाड बाकी सगळे झाकून टाकते. म्हणून पूर्वी पाठीत सुई घालून मेंदूभोवतीचे पाणी काढत, त्या जागी हवा भरत आणि मग एक्स-रे घेत. त्यानंतर रुग्णाला असह्य डोकेदुखी आणि उलट्या होत. एवढे करूनही मेंदू थेट दिसत नसेच. त्यातल्या पोकळ्यांच्या आकारावरून गाठ कुठे असेल याचा अंदाज बांधायचा.

सावल्यांवरून मूळ वस्तू ओळखता येईल का, हा प्रश्न शब्दकोड्यांच्या पानावर शोभेल असा आहे. चार घरांचा एक चौकोन घ्या, प्रत्येक घरात एक आकडा लपलेला. वरच्या ओळीची बेरीज ५, खालच्या ओळीची ९, डाव्या स्तंभाची ६, उजव्याची ८. एवढ्या माहितीवर आकडे ठरत नाहीत. वर १ आणि ४, खाली ५ आणि ४ हेही जमते. वर २ आणि ३, खाली ४ आणि ५ हेही जमते. पण डाव्या वरच्या घरापासून उजव्या खालच्या घरापर्यंतची तिरपी बेरीज ७ आहे असे कळले की दुसरेच उत्तर उरते. क्ष-किरण शरीरातून आरपार जाताना जेवढा क्षीण होतो, ती त्या वाटेवरची अशीच एक बेरीज. वेगवेगळ्या कोनांतून पुरेशा बेरजा मिळाल्या, तर आतले प्रत्येक घर उलगडता येते.

हे कोडे योहान राडोन या ऑस्ट्रियन गणितज्ञाने १९१७ मध्ये सोडवले. सगळ्या दिशांच्या सगळ्या रेषांवरील बेरजा माहीत असतील तर मूळ आकृती परत मिळवण्याचे नेमके सूत्र त्याने दिले. त्यात रुग्ण नव्हता, यंत्र नव्हते; होती ती शुद्ध भूमिती. जर्मन भाषेतला तो निबंध पुढे अनेक दशके वैद्यकाच्या दृष्टीने जणू नव्हताच.

राडोन १९५६ मध्ये वारला. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या ग्रूट स्खूर रुग्णालयात ॲलन कॉरमॅक हा भौतिकशास्त्राचा तरुण प्राध्यापक आठवड्यातून दीड दिवस काम करू लागला. कर्करोगाच्या रुग्णाला किरणोपचार किती द्यायचे हे ठरवताना शरीर सगळीकडे सारखेच आहे असे गृहीत धरले जाई, हे त्याला खटकले. हाड आणि फुप्फुस किरण सारखेच कसे शोषतील? आतला नकाशा हवा, म्हणून त्याने गणित मांडले आणि स्वतःच सोडवले. राडोनचे नाव त्याच्या कानावर आले ते सुमारे १४ वर्षांनी.

पडताळणीसाठी त्याने ॲल्युमिनियमचा दंडगोल आणि त्याभोवती लाकडाचे कडे अशी वस्तू घेतली. उत्तर बरोबर आले, फक्त अगदी मध्याजवळचे काही बिंदू किंचित हटलेले दिसले. कार्यशाळेत चौकशी केल्यावर कळले, की दंडगोलाच्या मध्यभागी किरण जरा कमी शोषणारी एक खुंटी बसवलेली होती. कॉरमॅकला ती ठाऊक नव्हती. गणिताने ती दाखवून दिली. १९६३ आणि १९६४ मध्ये त्याने हे काम प्रसिद्ध केले, पण वैद्यकीय जगाने त्याकडे लक्ष दिले नाही. निबंधाची प्रत मागणाऱ्या मोजक्या लोकांत स्वित्झर्लंडचे हिमकडे कोसळण्याचा अभ्यास करणारे केंद्र होते.

प्रत्यक्ष यंत्र बांधले ते इंग्लंडमधल्या ईएमआय कंपनीचा अभियंता गॉडफ्रे हाऊन्सफील्ड याने. (बीटल्सच्या ध्वनिमुद्रिकांच्या पैशावर सीटी स्कॅन उभा राहिला, ही गोष्ट सांगायला छान आहे; पण ब्रिटिश सरकारच्या आरोग्य खात्याचा वाटा त्याहून मोठा होता.) कॉरमॅकचे काम त्याला माहीत नव्हते. प्रयोगशाळेतल्या पहिल्या यंत्राला सुमारे २८,००० मोजमापे घ्यायला ९ दिवस लागले, आणि त्यांतून चित्र काढायला संगणकाला अडीच तास. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला. मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असल्याची शंका असलेली ती महिला होती. चित्र अवघ्या ८० गुणिले ८० चौकोनांचे, पण गाठ स्पष्ट दिसली. शस्त्रक्रियेत ती तिथेच सापडली. १९७९ चे वैद्यकाचे नोबेल कॉरमॅक आणि हाऊन्सफील्ड यांना विभागून मिळाले. दोघांपैकी एकाकडेही डॉक्टरेट नव्हती.

या कथेतला भारतीय धागा फारसा सांगितला जात नाही. १९७१ मध्येच बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. प्रत्येक सावली तिच्या दिशेने नुसती मागे पसरवली तर चित्र धुरकट येते. पसरवण्याआधी प्रत्येक वाचनातून शेजारच्या वाचनांचा ठरावीक अंश वजा केला, तर ते स्वच्छ येते. ही वजाबाकी सोपी आणि झटपट करण्याची रीत या दोघांनी दिली. रामचंद्रन प्रथिनांच्या रचनेसाठी जगप्रसिद्ध; त्यांचे लक्ष इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांवरही होते. पण त्यांची रीत सीटी यंत्रांना फार मानवली. ‘राम-लॅक फिल्टर’ हे नाव क्ष-किरण प्रतिमांच्या अभ्यासक्रमात आजही शिकवले जाते.

स्कॅनच्या अहवालात ‘एचयू’ अशी अक्षरे दिसतात, ती हाऊन्सफील्डच्या नावाचे एकक. पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी सुमारे उणे १००, हाड कित्येक शेकडे. ताजे साकळलेले रक्त मेंदूच्या पेशीजालापेक्षा थोडे वर असते, म्हणून ते पांढरट दिसते. गुठळी की रक्तस्राव याचा निर्णय या थोड्याशा फरकावर होतो.

आता प्रश्न वेगळा आहे: कमीत कमी मोजमापांत भागेल का? सीटीमध्ये कमी मोजणे म्हणजे कमी किरणोत्सर्ग. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नाही, पण तिथे वेळ लागतो, आणि लहान मुलांना तेवढा वेळ निश्चल ठेवण्यासाठी कित्येकदा भूल द्यावी लागते. २००४ नंतरच्या दोन-तीन वर्षांत इमॅन्युएल कँदेस, टेरेन्स टाओ आणि डेव्हिड डोनोहो यांनी सिद्ध केले, की चित्रात खरी माहिती थोडीच असेल, तर योग्य रीतीने घेतलेली थोडी मोजमापेही पुरतात. २०१७ मध्ये या तत्त्वावर चालणाऱ्या एमआरआय यंत्रणांना अमेरिकेत मान्यता मिळाली.

त्यापुढची पायरी कृत्रिम बुद्धिमत्तेची. अपुऱ्या मोजमापांतून ती देखणे चित्र काढते खरी, पण देखणे म्हणजे खरे नव्हे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गणितज्ञांनी अशा अनेक प्रणाली तपासल्या. मोजमापांत डोळ्याला न जाणवणारा बदल केला तरी काहींच्या चित्रात मोठे दोष उमटले. चित्रातला बारीकसा तपशील, म्हणजे एखादी छोटी गाठही, पुसली जाण्याचा धोका दिसला. काही प्रणालींना जास्त मोजमापे दिल्यावर चित्र सुधारण्याऐवजी बिघडले. अशी प्रणाली कुठवर विश्वासार्ह आणि कुठे नाही, याची सिद्धता देण्याचे काम गणितज्ञ सध्या करत आहेत.