अम्मीचा चेहरा

श्रीपूरहून पंढरपूर तसे जवळच. चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म तिथलाच, १९१५ चा. ते जेमतेम दीड-दोन वर्षांचे असताना अम्मीचा इंतकाल झाला. मागे तिचा एकही फोटो नव्हता. अम्मीचा चेहरा आठवत नाही, ही खंत त्यांनी पुढे अनेकदा बोलून दाखवली.

मुंबईत त्यांनी सिनेमाची मोठमोठी पोस्टरे रंगवून पोट भरले. नटनट्यांचे चेहरे हुबेहूब उतरवणे हेच ते काम. पण १९८० च्या सुमारास मदर तेरेसांची चित्रे काढायला घेतली, तेव्हा निळ्या काठांची पांढरी साडी आली, कुशीतले मूल आले. चेहऱ्याची जागा मात्र त्यांनी रिकामी ठेवली. त्या रिकाम्या जागेत अनेकांना त्यांची न आठवणारी अम्मी दिसते.

आपल्याही कितीतरी घरांत दादी-नानीचा फोटो सापडत नाही. मुलांनी चित्रात चेहरा कोरा ठेवला, की आपण लगेच म्हणतो, "नाक-डोळे कुठे आहेत?" त्याआधी जवळ बसून एवढेच विचारू या, "बेटा, हे कोण आहे?"