पातं दिसतं, तार दिसत नाही

उधाणाच्या ओहोटीला मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडचा खडक पार आतपर्यंत उघडा पडतो. तिवरांच्या पलीकडे साचलेल्या पाण्यात खेकडे, समुद्रफुलं, शंखातून हळूच बाहेर येणारे जीव दिसू लागतात. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा गट २०१७पासून अशा ओहोटीला लोकांना किनाऱ्यावर घेऊन जातो. याच खडकावर एक प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे: समोर समुद्रात पवनचक्क्या आल्या तर हे सगळं मरणार ना? लगेच शेजारचं कोणीतरी म्हणतं, कोळसा जाळण्यापेक्षा बरं की, पक्ष्यांचं निमित्त करून लोक चांगल्या कामात खोडा घालतात.

काळजी दोघांचीही खरी आहे, पण दोघंही फिरणाऱ्या पात्याकडेच बघत असतात.

'वांद्र्यासमोर पवनचक्क्या येणार आहेत'

भारताचं समुद्री पवनऊर्जा धोरण २०१५ साली आलं. पहिल्या टप्प्यासाठी निवडलेली क्षेत्रं गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांजवळ आहेत. खंबातच्या आखातात पिपावावजवळ वारा मोजणारं उपकरण २०१७मध्ये बसलं. २०२४मध्ये केंद्राने ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. तिच्यातून दोन्ही राज्यांच्या समुद्रात ५००-५०० मेगावॉटचे प्रकल्प उभे करायचे आहेत. मुंबईचा समुद्र या यादीत नाही.

'पक्षी पात्याला धडकून मरतात, एवढाच काय तो परिणाम'

या गैरसमजाचं उत्तर आपल्याच सह्याद्रीत सापडलं. सातारा सोडून सज्जनगड, ठोसेघर ओलांडून वर गेलं की चाळकेवाडीचा सडा लागतो. कातळ, पातळ माती, पावसाळ्यात फुलं आणि गेली वीसेक वर्षं रांगेने उभ्या पवनचक्क्या. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर यांनी आमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांच्यासोबत इथे काम केलं. त्यांचा निबंध २०१८मध्ये 'नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन'मध्ये छापून आला. त्यांनी चक्क्यांचा भाग आणि त्याच परिसरातला चक्क्या नसलेला भाग यांची तुलना केली. चक्क्या नव्हत्या तिथे शिकारी पक्षी जवळजवळ चौपट होते.

मला महत्त्वाचं वाटतं ते याच्या पुढचं. या सड्यावर पंख्यासारखा गळा फुलवणारा एक सरडा राहतो. विणीच्या दिवसांत नर दगडावर चढतो आणि निळा, काळा, केशरी गळा उघडून मादीला दाखवतो. २०१६मध्ये त्याला 'सरडा सुपर्बा' हे शास्त्रीय नाव मिळालं. आपला मराठी 'सरडा' हा शब्दच शास्त्रज्ञांनी त्या प्रजातीला (जीनसला) दिला. वरून झडप घालणारे पक्षी कमी झाले म्हटल्यावर चक्क्यांखाली हे सरडे वाढले. त्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक कमी आढळलं. माणूस बराच जवळ येईपर्यंत ते पळेनासे झाले. पण दाटी झाल्यामुळे अंगाने ते किरकोळ होते आणि नरांच्या गळ्यांचे रंगही फिके होते. म्हणजे पात्याने ज्या प्राण्याला स्पर्शही केला नाही, त्याचं शरीर आणि वागणं बदललं. पवनचक्की जणू त्या सड्यावरचा सगळ्यात वरचा शिकारी होऊन बसली होती.

'सरडे वाढले, मग बिघडलं कुठे?' असंही विचारलं जातं. सरडे वाढणं म्हणजे ते ज्या किड्यांवर जगतात त्यांच्यावरचा भार वाढणं. धक्का असा एकेक पायरी उतरत जातो. जो पक्षी तिथे यायचाच थांबला, त्याचं कलेवर कुठून सापडणार? निव्वळ मेलेले पक्षी मोजून समाधान मानणाऱ्यांच्या नजरेतून हे सगळं निसटतं.

मोजणीसुद्धा हवीच. कच्छमधल्या समाखियाळी परिसरात सालिम अली पक्षिशास्त्र केंद्राच्या संशोधकांना तीन वर्षांत ४७ मृत पक्षी सापडले. एका चक्कीमागे वर्षाला साधारण अर्धा पक्षी असा हिशोब निघतो. इथे हमखास मांजरांचा दाखला दिला जातो, आणि तो खोटा नाही. अमेरिकेत मांजरं वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात असा २०१३चा अंदाज आहे, तर पवनचक्क्यांचा आकडा दीड ते सव्वातीन लाखांच्या आसपास येतो. पण मांजर चिमणी मारतं, गरुड नाही. चिमणी वर्षातून दोन-तीनदा अंडी घालते. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला वर्षं लागतात. तिथे मोजके मृत्यूही भरून निघत नाहीत.

'मुंबईकराचा याच्याशी संबंध नाही'

माहीमची खाडी ओलांडली की बेस्टची वीज संपते आणि उपनगरांचा पुरवठा सुरू होतो. वांद्र्यापासून पुढे बहुतेक घरांना वीज देणाऱ्या अदानी इलेक्ट्रिसिटीच्या हरित विजेचा मोठा वाटा राजस्थानातल्या जैसलमेरहून येतो. सूर्य आणि वारा एकत्र वापरणारा तिथला ७०० मेगावॉटचा प्रकल्प २०२३मध्ये सुरू झाला. आपल्या घरातला पंखा अंशतः थरच्या वाळवंटातल्या वाऱ्यावर फिरतो, याचा मला आनंदच आहे. पण तोच मुलूख माळढोकाचा शेवटचा मोठा आसरा आहे. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर हा पक्षी आता जवळपास दिसेनासा झाला आहे. देशभरात दीडशेही उरलेले नाहीत.

माळढोकाला मारते ती तार. हा पक्षी पंधरा किलोपर्यंत भरतो, त्याला समोरचं नीट दिसत नाही आणि तार दिसली तरी एवढं जड अंग ऐनवेळी वळवता येत नाही. थरमधल्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटरमध्ये विजेच्या तारांमुळे वर्षाला ८४,००० पक्षी मरत असावेत, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे. या तारा फक्त हरित विजेच्या नाहीत, सगळ्या प्रकारच्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१मध्ये माळढोकाच्या क्षेत्रात तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं. मार्च २०२४मध्ये तो सरसकट आदेश मागे घेऊन प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणं हा नागरिकांचा हक्क आहे, हेही त्याच निकालात म्हटलं आहे. दोन्ही बाजू खऱ्या असल्यामुळेच हे प्रकरण अवघड आहे.

अंधारात उडणाऱ्या थव्याला अडथळा किती उशिरा दिसतो, हे आपण मे २०२४मध्ये घाटकोपरला पाहिलं. उतरणाऱ्या विमानाला रोहित पक्ष्यांचा थवा धडकला आणि जवळपास ४० पक्षी गेले.

तारेइतकाच न दिसणारा दुसरा घाव रस्त्याचा. पातं साठ-साठ मीटरचं असतं, ते डोंगरमाथ्यावर न्यायचं तर घाट फोडावा लागतो. भीमाशंकरच्या परिसरातल्या पवनप्रकल्पासाठी झालेली जंगलतोड, वेडेवाकडे रस्ते आणि ढासळलेल्या उतारांबद्दल माधव गाडगीळ यांच्या पश्चिम घाट समितीने २०११च्या अहवालात परखडपणे लिहिलं आहे. ते शेकरूचं रान आहे. शेकरू जमिनीवर न उतरता फांदीवरून फांदीवर जातं. मधून रुंद रस्ता गेला की त्याची वाटच तुटते.

'समुद्रात चक्क्या म्हणजे मासे संपले'

चिंबईच्या कोळीवाड्यात ही भीती समजण्यासारखी आहे. समुद्रात खांब रोवताना काय होतं हे सागरी सेतूंमुळे त्यांना ठाऊक आहे. उत्तर समुद्रातला अनुभव असा, की सगळ्यात वाईट काळ बांधकामाचा. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून वेगाने जातो, आणि खांब ठोकण्याच्या दणक्याने शिंशुकासारखे प्राणी वीसेक किलोमीटर दूर पळतात. म्हणून जर्मनीत आवाजाला कायद्याने मर्यादा आहे. खांबाभोवती हवेच्या बुडबुड्यांचा पडदा सोडला की दणका बराच घटतो. बांधकाम संपल्यावर खांबांवर कालवं, शेवाळ धरतं आणि मासे येतात. काही सील तर चक्कीकडून चक्कीकडे शिकार शोधत फिरताना नोंदले गेले. काही पाणपक्षी मात्र तिथून कायमचे सरकले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या देवमाशांच्या मृत्यूंचं खापर समुद्री चक्क्यांवर फोडलं जातं, पण त्याला पुरावा मिळालेला नाही. तपासलेल्या अनेक कुबड्या देवमाशांवर जहाजांच्या धडकेच्या किंवा जाळ्यांच्या खुणा होत्या.

कोळ्यांचा खरा प्रश्न वेगळा आहे. बोंबलासाठी डोल जाळं भरती-ओहोटीच्या ओढीत खुंटांना बांधावं लागतं. ती जागा दुसऱ्याला दिली, तर मासे असूनही जाळं लावायचं कुठे?

'भरतीची वीज निरुपद्रवी, पाणी तर येतं-जातंच'

फ्रान्सच्या रान्स नदीच्या मुखावर १९६६पासून २४० मेगावॉटचं भरती-वीजकेंद्र चालू आहे. ते बांधताना खाडी तीन वर्षं समुद्रापासून तोडली आणि आतलं बहुतेक जीवन संपलं. ते सावरायला दहाएक वर्षं लागली. उलट उत्तर आयर्लंडच्या स्ट्रँगफर्ड लॉखमध्ये २००८ साली बांध न घालता वाहत्या पाण्यात चक्की बसवली. सील जवळ आला की ती थांबवत, आणि मोठं नुकसान दिसलं नाही. मुंबईत उधाणाची भरती पाचेक मीटर चढते. ठाण्याच्या खाडीत ओहोटीने उघडा पडणारा चिखल म्हणजे रोहितांचं ताट. अशा खाडीच्या तोंडावर बांध घातला तर ते ताट पाण्याखाली जाईल.

'परवानगीच्या वेळी हे सगळं तपासलं जातं'

मला सगळ्यात जास्त सलणारा गैरसमज हा आहे. कारण उपाय माहीत आहेत. मंद वाऱ्याच्या रात्री पाती जरा उशिरा फिरू दिली, तर वटवाघळांचे मृत्यू निम्म्याच्या आसपास घटतात आणि वीज अगदी थोडी बुडते. नॉर्वेच्या स्मोला बेटावर तीनपैकी एक पातं काळं रंगवलं, तेव्हा त्या चार चक्क्यांजवळचे पक्ष्यांचे मृत्यू सुमारे ७० टक्क्यांनी उतरले. प्रयोग लहान होता, पण आशा वाटावी असा. कुठल्या भागात पक्ष्यांना धोका जास्त, हे दाखवणारा 'अ‍ॅव्हिस्टेप' नकाशा २०२२पासून कोणालाही पाहता येतो. भारतासाठी त्यात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा (बीएनएचएस) सहभाग आहे.

पण पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाची जी अधिसूचना २००६ साली निघाली, तिच्या यादीत जमिनीवरचे पवनप्रकल्प नाहीत. वनजमीन असेल तर वनखात्याची मंजुरी लागते. खासगी माळ असेल, तर आधी जाऊन पक्षी मोजण्याची सक्ती या अधिसूचनेने कोणावर नाही. चाळकेवाडीला संशोधक पोहोचले तेव्हा चक्क्या कधीच्याच फिरत होत्या. त्याआधी त्या सड्यावर किती शिकारी पक्षी घिरट्या घालत असत, याचा अंदाज त्यांना चक्क्या नसलेल्या शेजारच्या भागावरून बांधावा लागला.