कोयत्याला ‘पाणी’ देतात म्हणजे नेमकं काय करतात?

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांतल्या डोंगराळ गावांत भाताची तयारी पावसाच्या कितीतरी आधी सुरू होते. ऐनासारख्या झाडांच्या फांद्या तोडायच्या, त्या खाचरात पसरून वर पालापाचोळा, गवत, माती टाकायची आणि उन्हाळ्यात राब भाजायचा. त्याच जागी पुढे भाताचं रोप तयार होतं. फांद्या तोडणारा माणूस झाडावर एका हाताने आधार धरतो, दुसऱ्या हातात कोयता असतो. तिथे पातं मुठीतून निसटलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून हातघडणीचा चांगला कोयता ओळखता यायला हवा.

पोलाद कुठून येतं?

पुष्कळ लोहार ट्रकचा जुना पाटा वापरतात. हजारो वेळा वाकून पुन्हा सरळ व्हावं, असंच ते पोलाद असतं. भट्टीत लाल करून, ऐरणीवर घणाने ठोकून पातं पाठीला जाड आणि धारेकडे पातळ केलं जातं. गाडीवर संसार घेऊन फिरणाऱ्या घिसाडी कुटुंबांत घण अनेकदा बाई चालवते आणि पुरुष सांडशीने लोखंड फिरवतो. कोयत्याचं टोक आत वळवलेलं असतं. त्यामुळे फांदी निसटत नाही आणि ओढताना धार सरकत कापते.

पाणी देणं

घडवलेलं पातं अजून मऊ असतं. लोहार ते पुन्हा साधारण ८०० अंशांच्या पुढे तापवतो आणि धारेची बाजू पाण्यात किंवा तेलात बुडवतो. अचानक थंड झाल्याने धार कडक होते, पण काचेसारखी ठिसूळही. पाठीत मात्र उष्णता शिल्लक असते. ती हळूहळू धारेकडे सरकते आणि धारेचा ठिसूळपणा कमी करते. घासून चकचकीत केलेल्या भागावर आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा रंग चढतो. हवा तो रंग दिसताच लोहार पातं पूर्ण थंड करतो. हे सगळं काही क्षणांत, नजरेच्या अंदाजाने होतं. रंग कमी चढला तर धारेचे तुकडे उडतात, जास्त चढला तर धार मुडपते.

नेपाळची खुकुरी याच तत्त्वावर बनते. तिथले कारागीर, ज्यांना कामी म्हणतात, किटलीतून फक्त धारेवर पाणी ओततात. धार कडक राहते आणि घावाचा धक्का मऊ पाठ सोसते.

घेताना काय पाहाल?

• धारेवर कानस फिरवा. ती घसरली किंवा जेमतेम लागली तर पाणी चांगलं बसलंय. पाठीवर मात्र कानस सहज लागायला हवी.
• धारेच्या रेषेत डोळा लावून बघा. लाट किंवा बारीक चीर नको.
• मूठ हलवून बघा. पात्याचं शेपूट मुठीत खोल गेलेलं आणि तोंडाशी लोखंडी कडं घट्ट हवं.

वापरताना

फांदीवर आडवा घाव घालण्यापेक्षा तिरका घाला. जाड फांदीला आधी खालून छोटी खाच पाडा, म्हणजे ती मोडताना झाडाची साल सोलत नाही. आधाराचा हात घावाच्या रेषेत नको. दुसऱ्याला कोयता देताना मूठ त्याच्याकडे करा. काम झाल्यावर चीक पुसून तेलाचा हात फिरवा. इथल्या पावसाळी हवेत ओलं पातं लवकर गंजतं.

सर्वात मोठी चूक विजेच्या ग्राइंडरवर होते. धार लावताना ती निळी पडली, तर तेवढ्या भागाचं पाणी उतरलं असं समजा. मग कितीही घासलं तरी तिथे धार टिकत नाही. पाण्यात बुडवत हळूहळू, किंवा साध्या दगडावर धार लावा. पाणी उतरलंच असेल, तर कोयता फेकून देऊ नका. लोहाराकडे नेऊन शेवटून घ्या आणि पुन्हा पाणी द्यायला सांगा. जुनं पातं त्याच पोलादातून पुन्हा उभं राहतं.