ध्वनिमुद्रण शिकायला निघालात? आधी हे गैरसमज दूर करा

ऑडिओ इंजिनिअरिंग शिकू पाहणाऱ्या मुलामुलींचे आणि त्यांच्या पालकांचे प्रश्न ठरलेले असतात. कोणतं सॉफ्टवेअर शिकवता? माईक कोणत्या कंपनीचे? खऱ्या रेकॉर्डिंगला बसायला मिळेल का, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. माझ्या मते सगळ्यात आधी विचारायला हवं ते हेच.

सर्वांत खोल रुजलेला गैरसमज म्हणजे, 'सॉफ्टवेअर आलं की काम आलं, रेकॉर्डिंगमध्ये चुकलं तर मिक्सिंगमध्ये सुधारता येतं.' सॉफ्टवेअर घरी लॅपटॉपवरही शिकता येतं. स्टुडिओत शिकायचं असतं ते आवाज माईकपर्यंत पोचतो तिथलं. ढोलकीचंच घ्या. दोन्ही पुड्यांसमोर एकेक माईक लावला. दोन्ही ट्रॅक वेगवेगळे ऐकले तर झकास, पण एकत्र वाजवले की घुमारा पातळ होतो. कारण डाव्या पुडीवर थाप पडली की ती आत दबते, म्हणजे आपल्या माईकपासून दूर जाते. त्याच क्षणी उजवी पुडी बाहेर, तिच्या माईककडे ढकलली जाते. दोन्ही सिग्नल उलटसुलट पडतात आणि खालचे सूर एकमेकांना खोडतात. नवशिका अशा वेळी इक्वलायझरवर बेस वाढवत बसतो. जाणकार एका ट्रॅकची पोलॅरिटी उलटवतो आणि घुमारा परत येतो. हा फरक एकदा कानांनी ऐकला की जन्मभर लक्षात राहतो. पुस्तकात वाचून तो कळत नाही.

लेव्हलचंही तसंच. डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये शून्याची रेघ ओलांडली की लहरीचं टोक छाटलं जातं, ते पूर्णपणे परत मिळत नाही. २४ बिटमध्ये लाल दिव्याजवळ जायची गरजही नसते. वर १०-१२ डेसिबल मोकळे ठेवून निर्धास्त रेकॉर्ड करा.

'भिंतींना फोम लावला की खोली साउंडप्रूफ झाली.' नाही. फोम खोलीतला घुमणारा आवाज शोषतो, बाहेरची रिक्षा अडवत नाही. त्यासाठी जड भिंत आणि फटी बुजवलेलं दार लागतं. ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ ७ मीटर असते, तिच्यापुढे दोन इंची फोमचं काही चालत नाही.

'मोठ्यानं ऐकलं की बारकावे कळतात' हाही भ्रमच. आवाज वाढला की कानाला खालचे सूर जास्त भरतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मांडलं होतं. म्हणून मोठ्या आवाजात जमलेलं मिक्स घरी हळू आवाजात बेसविना वाटतं. शिवाय कान हेच या धंद्याचं भांडवल. ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ही शिफारस केलेली मर्यादा आहे, त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो.

'शिकाऊ मुलांना केबल गुंडाळायला लावतात, त्यात काय शिकायचं?' या तक्रारीत निम्मं तथ्य आहे. केबल पीळ न पडता गुंडाळणं, पॅचबे लावणं, कोणत्या टेकमधला कोणता अंतरा चांगला उतरला याची नोंद ठेवणं, यातूनच सेशनची शिस्त अंगात मुरते. लंडनच्या ईएमआय स्टुडिओत जेफ एमरिक १९६२ मध्ये असिस्टंट म्हणून लागले आणि १९६६ मध्ये, विसाव्या वर्षी, बीटल्सच्या 'रिव्हॉल्वर'चे इंजिनिअर झाले. केन स्कॉट यांची सुरुवात तिथल्याच टेप लायब्ररीत झाली. पण महिनोन्महिने फक्त केबल आणि चहा यांवरच राबवणारा स्टुडिओ शिकवत नसतो, तो फुकटचा माणूस वापरत असतो. हा फरक ओळखता आला पाहिजे.

आणि काम केवळ गाण्यांचंच असतं असंही नाही. डबिंग, मराठी ऑडिओबुक, नाटकाची ध्वनियोजना, चित्रपटाचं लोकेशन साउंड, सगळीकडे तयार कान लागतात.

म्हणून फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या. बॅचमध्ये किती जण असतात? प्रत्येकाला स्वतः माईक लावून रेकॉर्ड करायला मिळतं का? चालू सेशनला मागे बसू देता का? उत्तरं गोलमोल आली तर दुसरा स्टुडिओ शोधा.