इंग्रजी अंमल आणि मराठी लेखणी

पेशवाई १८१८ साली बुडाली. त्यानंतरच्या शंभरेक वर्षांत मराठी माणसाने गोऱ्या राज्यकर्त्याचे चित्र कसे रंगवले, हे पाहू लागले की एक गोष्ट ठळकपणे दिसते. लिहिणारा समाजाच्या कोणत्या थरातून बघतो आहे, त्यावर साहेबाचे रूप ठरत होते.

भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी १८४१ मध्येच 'बॉम्बे गॅझेट'मध्ये इंग्रजीतून पत्रे लिहून कंपनी सरकारवर लुटीचा उघड आरोप केला. सात वर्षांनी लोकहितवादींची 'शतपत्रे' 'प्रभाकर'मध्ये येऊ लागली, तेव्हा सूर पालटला होता. इंग्रज ईश्वरी योजनेने आले, त्यांच्याकडून विद्या शिकून आपण शहाणे व्हावे, असे ते सांगत. त्यांच्या टीकेचा रोख आपल्याच आळसावर आणि जातीच्या अहंकारावर होता.

जोतीराव फुल्यांनी या चित्राची चौकटच बदलली. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये लिहून झाला. त्यातला गोरा अधिकारी ऐषआरामात दंग आहे. खरा अंमल चालतो तो कुलकर्णी आणि कचेरीतल्या कारकुनांचा. गायराने जंगलखात्याने गिळलेली, सारा वाढलेला आणि मुलूखभर कर्ज. राज्यकर्ते आणि प्रजा अशी सरळ दोन टोके या पुस्तकात सापडत नाहीत, कारण प्रजेतही वरचे आणि खालचे आहेत.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांना नेमके हेच दिसले नाही. १८७४ मध्ये सुरू झालेल्या 'निबंधमाले'त त्यांनी पराधीनतेची बोच सुशिक्षितांच्या मनात जागी केली. फुल्यांच्या लेखनावर मात्र कडवट हल्ला चढवला. 'आमच्या देशाची स्थिती' हा त्यांचा निबंध पुढे सरकारने जप्त केला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवधा'ने १९०७ साली रंगभूमीवर महाभारताची कथा आणली आणि प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन ओळखला. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली.

१९०७ सालीच चिंतामणराव वैद्यांनी विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' प्रसिद्ध केला. दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे गेलेला वरसईचा हा भिक्षुक झाशीच्या वेढ्यात सापडला. गोऱ्या शिपायांनी शहरात केलेली कत्तल आणि लूट त्याने डोळ्यांनी पाहिली आणि जशी पाहिली तशी लिहिली. देशभक्तीचा आव नाही, राजनिष्ठाही नाही. जीव मुठीत धरलेल्या माणसाची साक्ष तेवढी आहे.

चिपळूणकरांनी पारतंत्र्याचा अपमान सांगितला, गोडसे भटजींनी त्याची दहशत. पण त्या राज्याचा पाया कुणाच्या पाठीवर उभा होता, हे फुल्यांनीच दाखवले. म्हणून या काळातले एकच पुस्तक वाचायचे असेल, तर 'असूड' वाचावे. आणि शक्य असेल तर त्याला लागूनच 'निबंधमाला' उघडावी.